‘वुड’ म्हणजे नेहमी ‘असता’ नव्हे : एका स्पॅनिश क्रियारूपापासून साष्टीच्या इतिहासापर्यंत



तुमच्यापैकी बरेच जण सध्या पेट किंवा नेटची तयारी करत आहेत. पुस्तकं इंग्रजीत आणि नोट्स मराठीत, अशी बहुतेकांची स्थिती असते. म्हणून सुरुवातीलाच एक छोटी परीक्षा घेऊ. समजा, इतिहासाच्या इंग्रजी पुस्तकात असं वाक्य आलं : ‘द इंग्लिश वुड टेक साल्सेट इन १७७४.’ याचं मराठी काय कराल?

‘इंग्रजांनी १७७४ मध्ये साष्टी घेतली असती’ असं लिहिलंत, तर इतिहास उलटा झाला. मराठीत ‘घेतली असती’ याचा अर्थ ‘घेतली नाही’ असा होतो. प्रत्यक्षात डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला आणि साष्टी बेट मराठ्यांकडून जिंकून घेतलं आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ते त्यांच्याकडेच राहिलं. तेव्हा बरोबर मराठी असं होईल : ‘पुढे १७७४ मध्ये इंग्रजांनी साष्टी घेतली.’ इथे ‘वुड’ला मराठीत क्रियापदाचं वेगळं रूप लागतच नाही. ‘पुढे’ हा एक शब्द पुरतो.

एका चुकीच्या रूपामुळे घडलेली गोष्ट न घडलेली होते, आणि परीक्षकाच्या हे लक्षात येतंच असं नाही, कारण वाक्य व्याकरणाच्या दृष्टीने शुद्ध असतं. म्हणून आजचा लेख या जातीच्या क्रियारूपांवर. इंग्रजीऐवजी मी स्पॅनिशपासून सुरुवात करणार आहे. कारण सोपं आहे : स्पॅनिशमध्ये हे रूप कशापासून बनलं ते अजून स्पष्ट दिसतं. स्पॅनिश येत नसेल तरी काळजी करू नका, सहा-सात शब्दांत काम होईल.

रूप कसं बनलं?

स्पॅनिशमध्ये ‘कांतार’ म्हणजे गाणे. याचं कंडिशनल रूप ‘कांतारीया’. ‘सेर’ म्हणजे असणे, त्याचं ‘सेरीया’. मूळ क्रियापद आख्खं ठेवायचं आणि त्याला ‘ईया’ जोडायचं, एवढाच नियम. काही अनियमित क्रियापदं सोडली तर सगळीकडे हाच चालतो.

हा ‘ईया’ आला कुठून? बोलीभाषेतल्या उत्तरकालीन लॅटिनमध्ये भविष्यकाळ सांगायला क्रियापदासोबत ‘हाबेओ’ म्हणजे ‘माझ्याकडे आहे’ हे रूप लावायची पद्धत पडली. ‘कांतारे हाबेओ’, म्हणजे ‘मला गायचं आहे’. त्यातून स्पॅनिशचा भविष्यकाळ ‘कांतारे’ तयार झाला. आता त्याच ‘आहे’च्या जागी ‘होतं’ ठेवा : ‘मला गायचं होतं’. त्यातून ‘कांतारीया’ तयार झालं. म्हणजे ‘ईया’ हा ‘आबीया’, अर्थात ‘होतं’, या शब्दाचा झिजलेला तुकडा आहे.

याचा पुरावा आजही सापडतो. स्पॅनिशची सख्खी शेजारीण पोर्तुगीज. औपचारिक लेखी पोर्तुगीजमध्ये ‘त्याला देईन असं होतं’ या अर्थी ‘दार-ल्ये-ईया’ असं लिहिता येतं. ‘दार’ म्हणजे देणे, ‘ल्ये’ म्हणजे त्याला, आणि शेवटी ‘ईया’. क्रियापद आणि प्रत्यय यांच्या मधोमध सर्वनाम घुसलेलं आहे. प्रत्यय सुरुवातीपासूनच चिकटलेला असता तर मध्ये शब्द शिरायला फट राहिलीच नसती. जुन्या स्पॅनिशमध्येही अशी फोड व्हायची. भाषेच्या इतिहासात पुरावा हा असा मिळतो, नुसत्या उच्चारातल्या साम्यावर विसंबून चालत नाही.

थोडक्यात, या रूपात भविष्य आणि भूत एकत्र शिवलेले आहेत. भूतकाळातल्या एका जागी उभं राहून तिथून पुढे बघायचं, हे त्याचं मूळ काम.

नाव ठेवताना व्याकरणकारांची झालेली अडचण

आंतोनियो द नेब्रिहा याने १४९२ मध्ये कॅस्टिलियन भाषेचं व्याकरण छापलं. ही फोड त्याच्याही लक्षात आली होती. पण नाव आणि वर्ग ठरवणं सोपं नव्हतं. हा काळ आहे की अर्थ? म्हणजे ‘कधी’ ते सांगतो, की ‘बोलणाऱ्याला कितपत खात्री आहे’ ते सांगतो?

१८४७ मध्ये चिलीत आंद्रेस बेय्यो याने आपल्या व्याकरणात त्याला ‘पोसप्रेतेरितो’ म्हटलं, म्हणजे ‘भूतानंतरचा’. हे नाव शुद्ध काळाचं आहे. स्पॅनिश अकादमीने मात्र विसाव्या शतकात बराच काळ त्याला ‘पोतेन्सियाल’ नावाचा स्वतंत्र अर्थ मानलं, आणि १९७३ च्या व्याकरणाच्या मसुद्यात ते पुन्हा साध्या विधानार्थी रूपांत आणून बसवलं. ब्राझीलमध्ये याच रूपाला ‘भूताचा भविष्यकाळ’ अशा अर्थाचं नाव आहे.

आज जगभर रूढ असलेलं ‘कंडिशनल’ हे नाव तर थोडं फसवंच आहे. ‘सी तुबिएरा दिनेरो, कोम्प्रारीया ऊन लिब्रो’ म्हणजे ‘पैसे असते तर पुस्तक घेतलं असतं’. यात अट कुठे आहे? ‘पैसे असते तर’मध्ये. आणि कंडिशनल रूप कुठे आहे? ‘घेतलं असतं’मध्ये. प्रमाण स्पॅनिशमध्ये अटीच्या वाक्यात हे रूप चालतच नाही, ते फक्त परिणामाच्या वाक्यात येतं. पारिभाषिक संज्ञा वाचताना हे लक्षात ठेवा : नावावरून काम ओळखायचं नाही, वापर बघायचा.

आपल्याकडेही अशीच जोडणी झाली होती

आता संस्कृतकडे या. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतलं होतं त्यांना दहा लकार आठवत असतील. त्यातला लृङ् सहसा शेवटी शिकवतात. ‘भविष्यति’ म्हणजे होईल. त्यातलं ‘भविष्य’ घ्या, पुढे भूतकाळाचा ‘अ’ लावा, शेवटी भूतकाळाचा प्रत्यय लावा. झालं ‘अभविष्यत्’. पुन्हा तेच, भविष्य आणि भूत एकत्र. लॅटिनच्या वंशजांनी हे ‘होतं’ हा शब्द जोडून केलं, संस्कृतने ‘अ’ जोडून केलं. दोघांनी एकमेकांचं बघून केलेलं नाही, साहित्यही वेगळं आहे, पण कल्पना तीच.

पाणिनीने या रूपासाठी ‘क्रियातिपत्ति’ हा शब्द वापरला (३.३.१३९), म्हणजे क्रिया पार न पडणं. परंपरेतलं नेहमीचं उदाहरण पाऊस चांगला झाला असता तर सुकाळ झाला असता, या अर्थाचं आहे. आपल्या शाळेच्या व्याकरणात संकेतार्थासाठी ‘पाऊस पडला असता तर पीक आलं असतं’ हे वाक्य असतं, त्याच्याच घरातलं.

पण खरी गंमत पुढे आहे. ऋग्वेदात हे रूप फक्त एकदाच येतं : ‘अभरिष्यत्’. अमेरिकन संस्कृतज्ञ व्हिटनी याने आपल्या व्याकरणात त्याचा अर्थ ‘घेऊन जाणार होता’ असा दिला आहे. म्हणजे जुन्यात जुन्या वापरात ‘भूतातून दिसणारं भविष्य’ हा अर्थ आहे, आणि ‘झालं असतं, पण झालं नाही’ हा अर्थ नंतरच्या ग्रंथांत ठळक होत जातो.

‘येणार होतो’ ते ‘आलो असतो’

एका अर्थातून दुसरा अर्थ कसा निघतो? याचं उत्तर रोजच्या मराठीत आहे. अंधेरी स्टेशनवरून कोणी फोनवर सांगतंय : ‘अगं, मी सकाळची फास्ट पकडणारच होते...’ वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्हाला कळतं की गाडी चुकली. ‘चुकली’ असं तिने म्हटलेलं नाही. ‘पकडणार होते’ एवढंच म्हटलंय. गाडी मिळाली असती तर ती सरळ ‘पकडली’ म्हणाली असती. तिने लांबचा शब्द निवडला, म्हणून ‘पण’ आपण आपल्या मनाने जोडतो.

मात्र हा ‘पण’ पक्का नाही, तो पुसता येतो. ‘तो येणार होता आणि आलासुद्धा’ हे वाक्य अगदी बरोबर आहे. स्पॅनिशमध्येही ‘दिहो के बेंद्रीया, इ बिनो’ म्हणता येतं : ‘येईन म्हणाला, आणि आला’. इथे ‘बेंद्रीया’ हे कंडिशनल रूप आहे, पण ते ‘आला नाही’ असं अजिबात सांगत नाही. आता ‘तो आला असता आणि आलासुद्धा’ म्हणून बघा. कानाला खटकतं ना? ‘आला असता’मध्ये नकार पक्का बसलाय.

मराठीने हा पक्का नकार वेगळ्या वाटेने मिळवला. ‘असता’मधला ‘ता’ हा संस्कृतच्या वर्तमानकालवाचक धातुसाधितापासून आलेला आहे. म्हणूनच ‘मी रोज इथे असतो’ आणि ‘मी आलो असतो’ यांतला ‘असतो’ सारखाच दिसतो. फरक तृतीय पुरुषात उघड होतो : ‘तो असतो’ पण ‘तो आला असता’, ‘ती असते’ पण ‘ती आली असती’. मुद्रितशोधन करताना ही जोडी नीट तपासा, टंकलेखनात एका मात्रेने काम बिघडतं.

मुद्दा असा की स्पॅनिश ज्या अनेक कामांना एकच रूप वापरते, त्या प्रत्येक कामाला मराठीत वेगळी सोय आहे :

१. भूतातून दिसणारं भविष्य : ‘दिहो के बेंद्रीया’ म्हणजे ‘येईन म्हणाला’. मराठीत साधा भविष्यकाळ.

२. न घडलेलं : ‘कोम्प्रारीया’ म्हणजे ‘घेतलं असतं’. हा संकेतार्थ.

३. मागच्या काळाबद्दल अंदाज : ‘सेरीयान लास त्रेस’ म्हणजे ‘तीन वाजले असतील’ किंवा ‘वाजले असावेत’.

४. ऐकीव बातमी : ‘एल मिनिस्त्रो आब्रीया रेनुन्सियादो’ म्हणजे ‘मंत्र्याने राजीनामा दिल्याचं समजतं’. वर्तमानपत्रात हे खूप दिसतं, पण शैलीचे जाणकार त्यावर नाराज असतात.

५. नम्रता : ‘मे गुस्तारीया’ म्हणजे ‘मला आवडेल’.

चौथं उदाहरण नीट बघा. ‘मंत्र्याने राजीनामा दिला असता’ असं भाषांतर केलंत, तर बातमी नेमकी उलटी झाली. पाचही कामांत समान काय आहे? बोलणारा ‘आत्ता, इथे, मी स्वतः याची हमी देतो’ असं म्हणत नाही. कुठे ती हमी दुसऱ्याची आहे, कुठे जुन्या वेळची, कुठे अर्धीच, आणि कुठे मुळीच नाही. स्पॅनिश वाचकाला ती कोणती हे संदर्भावरून ठरवावं लागतं. मराठीत भाषांतर करणाऱ्याला ते लिहूनच द्यावं लागतं. आपल्याला सुटका नाही.

साष्टीचा दाखला

हे सगळं मुंबईच्या उपनगरांत बसून वाचताना परकं वाटायचं कारण नाही. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही ठिकाणं साष्टी बेटावरची. १५३४ च्या तहाने वसईचा मुलूख गुजरातच्या बहादूरशहाकडून पोर्तुगीजांकडे गेला, त्यात साष्टीही होती. १५८० ते १६४० या काळात पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे होती. म्हणजे साठ वर्षं साष्टीचा धनी स्पेनचा राजा होता, कारभार मात्र पोर्तुगीज माणसं आणि पोर्तुगीज भाषाच चालवत होती. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांवर त्या काळातले चर्चचे अवशेष अजून उभे आहेत. या भागावर संशोधन करायचं तर पोर्तुगीज कागदांना पर्याय नाही, आणि पोर्तुगीजमध्येही हेच ‘ईया’चं रूप आहे.

आता एक खरा प्रसंग घेऊ. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्लंडच्या राजाला देण्याचं ठरलं. पण नेमकं काय द्यायचं यावर वाद पेटला. इंग्रज म्हणत, मुंबईबरोबर साष्टीही. पोर्तुगीज म्हणत, फक्त मुंबई बेट. ताबा घ्यायला आलेला अब्राहम शिपमन वाट पाहत अंजदीव बेटावर १६६४ मध्ये वारला. अखेर फेब्रुवारी १६६५ मध्ये त्याचा सचिव हंफ्री कुक याने फक्त मुंबई बेट स्वीकारलं. त्याच्या आदल्याच महिन्यात गोव्याचा व्हाइसरॉय आंतोनियो द मेलो द कास्त्रो याने आपल्या राजाला पत्र पाठवलं होतं. मतितार्थ असा : इंग्रज ज्या दिवशी मुंबईत बसतील, त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून जाईल.

नंतरचा कोणी पोर्तुगीज इतिहासकार हे सांगताना ‘हिंदुस्थान पेर्देरीया’ असं रूप वापरेल. तुम्ही मराठीत काय लिहाल? तीन वाक्यं समोर ठेवा :

‘हिंदुस्थान हातून जाईल, असं त्याने लिहिलं.’ इथे हमी व्हाइसरॉयची, वेळ १६६५ ची. तुम्ही फक्त नोंद केलीत.

‘हिंदुस्थान हातून गेला असता.’ इथे तुम्ही सांगताय की तो गेला नाही.

‘पुढे हिंदुस्थान हातून गेला.’ इथे भाकीत खरं ठरल्याची हमी तुम्ही स्वतः देताय.

तिसरं वाक्य ऐकायला भारदस्त वाटतं, पण ते तपासा. साष्टी पोर्तुगीजांच्या हातून १७३७ मध्ये गेली आणि वसई १७३९ मध्ये, पण दोन्ही मराठ्यांनी घेतली, इंग्रजांनी नाही. गोवा तर १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडेच होता. म्हणजे भाकीत जसंच्या तसं खरं ठरलं असं म्हणता येत नाही. मूळ कागदातून निघणारं वाक्य फक्त पहिलं आहे. दुसरं आणि तिसरं वाक्य लिहायचं तर त्यांना वेगळा पुरावा द्यावा लागेल. एका प्रत्ययाच्या भाषांतरात संशोधकाचा आख्खा दावा बदलतो तो असा.

विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी

माझं एमएस्सी विज्ञानातलं, त्यामुळे ‘हे भाषावाल्यांचं काम आहे’ हा सूर मला चांगला ओळखीचा आहे. पण विज्ञानातलं प्रत्येक कार्यकारण-विधान ‘नसतं तर’वरच उभं असतं. ‘लसीमुळे तो वाचला’ म्हणजे ‘लस दिली नसती तर तो वाचला नसता’. अडचण ही की एकाच माणसाला लस देऊनही आणि न देऊनही बघता येत नाही. न घडलेली बाजू कोणालाच दिसत नाही.

जानेवारी १८९७ मध्ये मुंबईत प्लेगची साथ चालू असताना वाल्देमार हाफकिन याने आधी स्वतःला लस टोचून घेतली आणि त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने तयार झालेल्या कैद्यांना टोचली. टोचलेले आणि न टोचलेले कैदी एकाच तुरुंगात, एकाच साथीत राहत होते. न टोचलेल्यांची संख्याशास्त्रीय भूमिका काय? ते ‘टोचलं नसतं तर’ या वाक्याच्या जागी उभे होते. आज आपण ज्याला नियंत्रण गट म्हणतो तो संकेतार्थाला दिलेला प्रत्यक्ष देह आहे. जेर्झी नेमन याने १९२३ मध्ये आणि डोनाल्ड रुबिन याने १९७४ मध्ये याच कल्पनेला गणिती रूप दिलं.

यातून प्रश्नही लगेच सुचतो : ते दोन गट खरंच सारखे होते का? स्वेच्छेने पुढे येणारा कैदी आणि न येणारा कैदी यांच्यात आधीपासूनच फरक असेल, तर ‘नसतं तर’ची जागा भलत्याच माणसाने घेतली. व्हाइसरॉयच्या पत्राबाबत जे आपण विचारलं, तेच इथे विचारतोय : या विधानाची हमी नक्की कोण देतंय?

सिनॉप्सिस लिहिताना

आता प्रत्यक्ष उपयोगाचं. वाचताना ‘वुड’, ‘सेरीया’, ‘अभविष्यत्’, ‘असता’ यांपैकी काहीही भेटलं की पेन्सिलने तीन प्रश्न समासात लिहा.

पहिला : लेखक कोणत्या वेळी उभा राहून बोलतोय? घटनेच्या आधी की नंतर?

दुसरा : हमी कोणाची आहे? लेखकाची, त्याने उल्लेख केलेल्या माणसाची, की ऐकीव?

तिसरा : गोष्ट शेवटी घडली, नाही घडली, की वाक्यावरून ते कळतच नाही? कळत नसेल तर बाहेरून पुरावा आणा, तोपर्यंत ‘असता’ लिहू नका.

आणि स्वतः लिहिताना, गृहीतकात ‘होईल’, निष्कर्षात ‘झालं’, चर्चेत ‘झालं असावं’, आणि तुलना खरोखर केली असेल तरच ‘झालं नसतं’. आपल्या भाषेत ही चार खणांची पेटी तयार आहे. इंग्रजी मसुद्याचं मराठी करताना सगळं एका खणात कोंबू नका.

घरचा अभ्यास : तुमच्या विषयातल्या एखाद्या इंग्रजी शोधनिबंधाची दोन पानं घ्या, त्यातला प्रत्येक ‘वुड’ अधोरेखित करा आणि वरच्या पाच कामांपैकी कोणतं ते लिहा. एक-दोन ठिकाणी तुम्ही नक्की अडाल. तिथेच थांबून मूळ पुरावा बघा. मौखिक परीक्षेत प्रश्न बहुतेक अशाच जागी येतो.

भेटू पुढच्या लेखात. अभ्यासाला शुभेच्छा!